नावेचे भाडे

हिवाळ्याच्या सुटीत पणजीच्या धक्क्यावर, कळंगुटच्या किनाऱ्यावर किंवा मालवण-तारकर्लीच्या पुळणीवर घटकाभर उभे राहिले, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानी पडतो : "होडीचे काय घेणार?" इंदूर-ग्वाल्हेरकडून कुलदेवतेच्या दर्शनास आलेली मंडळी असोत किंवा बडोद्याहून मुलाबाळांसह सहलीस निघालेले कुटुंब असो, भाड्याची घासाघीस होते, आकडा ठरतो आणि मंडळी नावेत बसतात. नावेत माणसे किती बसावीत, वल्हे अथवा यंत्र कोणाच्या हाती आहे, आणि काही विपरीत घडले तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. गंमत अशी की, आपल्या पूर्वजांनी नेमके हेच प्रश्न आधी विचारले होते. भाड्याचा आकडा ठरविताना उत्तरदायित्वाचाही निवाडा करून ठेवावा, ही दृष्टी आपल्या धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात इतकी स्पष्ट आहे की, वकिलीचा व्यवसाय करणाऱ्यास तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

नावेच्या भाड्यास संस्कृतात शब्दही तोलून वापरलेले आहेत. पैलतीरी उतरविण्याबद्दल जे द्यावयाचे ते 'आतर' किंवा 'तरपण्य'. अमरकोशात हे दोन्ही शब्द आहेत. परंतु नाव आपल्या कामासाठी घेऊन जावयाची आणि तिच्याबद्दल मोल द्यावयाचे, तर त्यास कौटिल्य 'नौहाटक' म्हणतो. शंख आणि मोती काढणाऱ्यांनी राजाची नाव घेतली तर नौहाटक द्यावे, नाहीतर आपल्या स्वतःच्या नावांनी जावे, असे त्याचे सांगणे आहे. म्हणजे उतारूचे भाडे वेगळे आणि नावेचे भाडे वेगळे, हा भेद कौटिल्याच्या काळीच झालेला होता. आजही सगळा घोळ होतो तो याच ठिकाणी. त्याकडे पुढे वळू.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात 'नावध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यास एक सबंध अध्याय दिलेला आहे. समुद्रावरची वाहतूक, नद्यांची मुखे, सरोवरे, तरी आणि उतार या सर्वांवर त्याची देखरेख. भाड्याचे कोष्टक मोठे सूक्ष्म आहे : हातात ओझे घेतलेला मनुष्य आणि लहान चतुष्पाद यांस एक माष; डोक्यावरचे किंवा पाठीवरचे ओझे, गाय आणि घोडा यांस दोन; उंट आणि म्हैस यांस चार; पुढे गाड्यांच्या लहानमोठ्या प्रकारांप्रमाणे चढते दर; आणि मोठ्या नदीवर हे सगळे दुप्पट. ब्राह्मण, प्रव्रजित, बालक, वृद्ध, रोगी, राजाचा दूत आणि गर्भिणी यांनी नावध्यक्षाची मुद्रा दाखवून फुकट उतरावे. बारमाही, मोठ्या नद्यांवर ज्या थोर नावा चालावयाच्या, त्यांवर कोण कोण असावे हेही सांगितलेले आहे : शासक, नियामक, कोयता व दोर सांभाळणारा, आणि नावेत साचलेले पाणी उपसून टाकणारा. हा पाणी उपसणारा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या ग्रंथकाराने त्याचे पद नेमून दिले, त्याने नाव गळते हे सत्य प्रथम मान्य केले होते.

पण सर्वांत लक्षणीय तरतूद पुढेच आहे. माणसे कमी असल्यामुळे, साधने अपुरी असल्यामुळे किंवा नावेची डागडुजी न झाल्यामुळे नाव बुडाली, तर जे नष्ट झाले वा बिघडले त्याची भरपाई नावध्यक्षाने करावी. नावाड्याने नव्हे, ज्याच्या देखरेखीखाली ती नाव पाण्यात उतरली, त्या अधिकाऱ्याने. आजच्या शासनव्यवस्थेत अशी तरतूद कोणी सुचविली, तर तिचे काय होईल हे वाचकांस सांगावयास नको.

मनूची दृष्टी थोडी निराळी आहे. आठव्या अध्यायात तरीच्या दरांचे श्लोक आहेत. रिकाम्या गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा पण, पशू आणि स्त्री यांस पाव पण, आणि ओझे नसलेल्या पुरुषास त्याच्याही निम्मे. (पशू आणि स्त्री यांना एका ओळीत बसविणारा हा दरपत्रक आज कोणा भगिनीस रुचणार नाही, आणि रुचू नये.) भरलेल्या गाड्यांस मालाच्या मोलाप्रमाणे भाडे. लांबच्या प्रवासास देश आणि काळ पाहून भाडे ठरवावे. परंतु हा नियम नदीकाठचा, समुद्रावर असा नियम नाही, असे तो स्पष्ट सांगून मोकळा होतो. समुद्राचे भाडे हा कराराचा विषय झाला. नंतर येतात ते दोन श्लोक, ज्यांसाठी मी या अध्यायाकडे पुनःपुन्हा वळतो. नावेत नावाड्यांच्या अपराधाने काही मोडले-बिघडले, तर ते सर्व नावाड्यांनी मिळून, आपापल्या अंशाप्रमाणे भरून द्यावे. आणि लगेच त्याची मर्यादा : ही जबाबदारी नावाड्यांच्या दोषापुरती, दैवी आपत्तीस दंड नाही.

दोष आणि दैव यांच्यामधली ही रेषा आखणे म्हणजेच नौकानयनाच्या कायद्याचे निम्मे काम. वादळ आले हे दैव; वादळाची चिन्हे दिसत असता नाव सोडली हा दोष. लाट आली हे दैव; दहांच्या नावेत वीस बसविले हा दोष. आपल्याकडे दुर्घटना घडल्यावर पहिल्या दिवशी सर्वत्र दैवाचे नाव घेतले जाते आणि दोषाची चौकशी सहा महिन्यांनी सुरू होते. मनूच्या श्लोकात क्रम उलटा आहे, हे ध्यानात घ्यावे.

याज्ञवल्क्याने या विषयास एकच श्लोकार्ध दिला आहे. तरीवाल्याने जमिनीवरचा जकात-कर घेतला, तर त्यास दहा पण दंड. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात शेजारच्या ब्राह्मणांस भोजनाचे आमंत्रण न देणाऱ्यासही तोच दंड सांगितला आहे! दोन अपराधांची ही जोडी कशी जमली असेल, याचा विचार करण्यात एखादी संध्याकाळ सुखाने जाईल. पण आपल्या विषयास त्यातला पूर्वार्ध पुरे : नावाड्याने आपल्या अधिकाराबाहेर पैसे उकळू नयेत. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या पदरी होता, आणि त्याच विक्रमादित्याची कन्या मैलळदेवी गोव्याच्या कदंब जयकेशी दुसऱ्यास दिलेली होती. तेव्हा हे शास्त्र आपल्या खाड्यांपासून फार दूर लिहिले गेले, असे मानण्याचे कारण नाही.

कदंबांचे राज्य तर समुद्राचेच राज्य. जयकेशी पहिल्याच्या १०५९ सालच्या ताम्रपटात त्याच्या घराण्यातील गुहल्लदेवाची एक हकीकत येते. तो सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गाने निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली, गोव्याच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला, आणि तेथील मदुमद नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले. पुढे या व्यापाऱ्याच्या नातवास, छडम यास, राजाने अधिकार दिला आणि बंदरात येणाऱ्या नौकांवरील कराच्या उत्पन्नातून मशिदीची व्यवस्था करण्याची अनुज्ञा दिली. सोमनाथाच्या यात्रेकरूस मुसलमान दर्यावर्द्याने हात द्यावा आणि त्या उपकाराची फेड पिढ्या ओलांडून व्हावी, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. डोलकाठी मोडल्यावर धर्म विचारीत बसण्यास वेळ नसतो.

येथून पाच शतके पुढे आले म्हणजे नावेचा इतिहास वेगळेच रूप धारण करतो. गोवे बेट, म्हणजे तिसवाडी, चहूंकडून मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेले. बेटातून बाहेर पडण्याचे मार्ग ठराविक : बाणस्तारी, नार्वे, दावजे, आगशी, पणजी आणि असेच आणखी काही उतार. पोर्तुगीज त्यांस 'पासो' म्हणत. आदिलशाहीच्या काळापासून तेथे चौक्या होत्याच. पोर्तुगीजांनी त्या बळकट केल्या. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच तरुण लिन्स्कोटेन याने आपल्या प्रवासग्रंथात या उतारांचे वर्णन केले आहे. पैलतीरी जाणाऱ्या एतद्देशीय माणसाच्या उघड्या दंडावर शिक्का उमटवीत. परत येताना तो दाखवावा लागे, आणि त्याबद्दल दोन बझारूक द्यावे लागत. ती चौकीवरच्या कप्तानाची व कारकुनाची प्राप्ती. बझारूक म्हणजे अगदी हलके नाणे. रक्कम क्षुल्लक होती हे खरे. पण भाडे दिल्यावर हातात चिठ्ठी मिळणे निराळे आणि दंडावर शिक्का बसणे निराळे.

याच उतारांवरून, याच नद्यांवरून, आपली दैवते गेली. १५४० पासून तिसवाडीतील देवालये पाडली गेली. पुढच्या पाव शतकात साष्टी आणि बार्देशची पाळी आली. १५६० साली कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, श्रीमंगेश झुआरी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचे लिंग मांडवीपलीकडे डिचोली महालातील नार्व्यास नेले गेले. तेथल्या देवालयाचा जीर्णोद्धार करण्याची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६६८ साली दिली, आणि त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगिजांकडे तो १७६३ मध्ये आला, तोपर्यंत त्यांचे धोरण बदलले होते. म्हणून ही देवळे टिकली. नदीचे रुंद पात्र हाच दोन राज्यांमधला, आणि एका अर्थाने दोन धर्मनीतींमधला, बांध होता.

या स्थलांतराची हकीकत आपल्या प्रत्येक देवस्थानाच्या पुस्तिकेत आहे. कोणत्या महाजनांनी पुढाकार घेतला, पालखी कोणी उचलली, पलीकडे प्रथम कोणाच्या घरी मूर्ती ठेवली, जागा कोणी दिली, पुढे कोणत्या मंत्र्याने वा सरदाराने देऊळ बांधले, हे सर्व आपण वाचतो. परंतु एक प्रश्न मी ज्या ज्या ठिकाणी विचारला, त्या त्या ठिकाणी उत्तराऐवजी क्षणभर स्तब्धता मिळाली : नाव कोणाची होती?

कारण नाव असल्यावाचून हे घडलेच नसते. रात्रीच्या अंधारात, चौक्या चुकवून, भरती-ओहोटीची वेळ साधून, पाषाणाचे जड लिंग वा धातूची मूर्ती घेऊन झुआरीसारखे विशाल पात्र ओलांडावयाचे, तर वल्हे मारणारा मनुष्य त्या पाण्याचा जाणता हवा. तो खारवी असेल, गाबीत असेल, किंवा नुकताच बाप्तिस्मा झालेला आणि तरीही जुन्या देवास न विसरलेला कोणी नावाडी असेल. पकडला गेला असता, तर महाजनांइतकीच, कदाचित त्यांच्याहून अधिक, शिक्षा त्यास भोगावी लागली असती. आणि नाव गेली असती, म्हणजे पोटाचे साधन गेले असते. त्याने भाडे घेतले काय? घेतले असल्यास किती? की तुलसीदासांच्या रामायणातल्या केवटाप्रमाणे त्याने उतराई नाकारली? रामास गंगेपार नेणाऱ्या त्या नावाड्याचे नाव नसले तरी त्याचे बोलणे तरी काव्यात राहिले. आपल्या देवांस झुआरीपार नेणाऱ्यांचे बोलणेही राहिले नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. आमच्या देवस्थानांचे हक्क, मान आणि महाजनकी यांविषयीचे दावे न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कोण मूळ स्थानाहून देवाबरोबर आला आणि कोण मागाहून, यावर कित्येकांचे म्हणणे उभे असते. ज्याने सर्वांस आणले, तो नावाडी मात्र या कोणत्याही दाव्यात पक्षकार नाही, साक्षीदारही नाही. व्यवसायानिमित्त अशी कागदपत्रे हाताळताना ही उणीव मला अधिक जाणवते. महाभारताच्या आदिपर्वात दाशराजाची कन्या सत्यवती पित्याच्या सांगण्यावरून धर्मार्थ नाव चालविते आणि त्याच नावेत पराशर बसतात. मनूने नावाड्यांस जो 'दाश' शब्द वापरला, तोच हा शब्द. त्या दाशकन्येचा मुलगा वेदांचा व्यास झाला. आपल्या परंपरेने नावाड्याच्या घराला एकदा एवढे मोठे स्थान दिले होते.

१६२० साली गोव्यात हिंदूंच्या विवाहविधीस बंदी करणारा हुकूम निघाला. तेव्हा तर लग्नासाठीही परमुलखात जाणे भाग पडले. वधू, वर, उपाध्याय, आप्तेष्ट आणि रुखवताची गाठोडी यांनी भरलेली होडी, हे त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे 'दिवसाच्या भाड्याने नाव घेणे' या शब्दांना निराळाच अर्थ येतो.

नव्या काबिजादीनंतर हे वातावरण निवळले आणि नावेचा प्रवास पुन्हा यात्रेचा प्रवास झाला. पूल फार उशिरा आले : मांडवीवर आणि झुआरीवर मोठे पूल झाले ते गोव्याच्या मुक्तीनंतर, झुआरीचा तर १९८३ मध्ये. तोपर्यंत पणजीहून मंगेशीस जावयाचे तर मांडवीतून वर जाऊन, कुंभारजुव्याच्या खाडीत शिरून, बाणस्तारीस उतरणे सोयीचे. साष्टीकडच्या मंडळीस कवळ्यास जावयाचे तर झुआरी ओलांडून दुर्भाटच्या बंदरावर उतरावे आणि पुढे चालत जावे. पुढे यंत्राच्या होड्या आल्या. त्यांस गोव्यात सगळेजण 'गॅसोलिन' म्हणत, इंधनाचेच नाव वाहनास पडले. पण वल्ह्या-शिडाच्या काळात नाव दिवसभरासाठी ठरविताना पहिला प्रश्न भाड्याचा नसे, तिथीचा असे.

याचे कारण सरळ आहे. कोकणकिनाऱ्यावर जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे सकाळी पाच-साडेपाचास सुकती संपून भरती लागावयाची, आणि सव्वाअकराच्या सुमारास पाणी चढून उभे राहावयाचे. (खाडीत जितके आत जावे, तितकी वेळ थोडी पुढे सरकते, हा अनुभव निराळा.) श्रीमंगेशाची जत्रा माघी पौर्णिमेस. पहाटे पणजीहून नाव सोडली, तर पाणीच ती वर घेऊन जाते. दर्शन आणि महाप्रसाद आटोपून दुपारी परतावे, तो ओहोटी लागलेली, आणि दिवस मावळण्यापूर्वी पणजीचा धक्का. तांडेलाचे अर्धे श्रम चंद्रच करतो. उलट कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीची. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती दुपारी चढणार आणि ओहोटीबरोबर परतावयाचे, तर काळोखात, रात्री नऊ-दहापर्यंत. अशा दिवशी नावाडी एक तर रात्रीचा मुक्काम मागणार, नाहीतर अधिक भाडे. आणि त्याची मागणी वाजवी असणार. पौर्णिमा-अमावास्येचे पाणी उधाणाचे, अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे. त्यामुळे वेगही निराळा. घरोघरचे पंचांग हे असे नावेचे वेळापत्रकही होते. आजच्या सहलीच्या होडीस यंत्र आहे, त्यास भरतीची वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणून होडीत बसणाऱ्यास पाणी चढते आहे की उतरते आहे, हेही ठाऊक नसते. हे ज्ञान गेले, याची मला खंत आहे. कारण नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, उतरत्या पाण्याला समोरचा वारा भिडला म्हणजे लाट कशी उभी राहते, हे त्याच ज्ञानाचे दुसरे टोक.

येथे कौटिल्याची एक गोष्ट आठवते. त्याच्या गंगेच्या देशात आषाढापासून कार्तिकापर्यंतचा वर्षाकाळ म्हणजे तरीच्या व्यवहाराचा मुख्य काळ. नद्या फुगतात, उतार बुजतात. आमच्याकडे नेमके उलट. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्याने धोक्याचे होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेस सागरास श्रीफळ अर्पण केल्यावर हंगाम उघडतो. एकाच शास्त्राचा वेगळ्या पाण्यावर वेगळा अर्थ करावा लागतो.

मुंबई-गोवा आगबोटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे दोनच शब्द. आगबोट बहुतेक बंदरांत धक्क्यास लागत नसे. उतारू पडावातून किनाऱ्यास येत, आणि त्या पडावात बसताना पाय घसरण्याची भीती ही समुद्राच्या भीतीहून मोठी असे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अमावास्येस, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याचा दिवस महिन्यावर आला होता. त्या दिवशी मासळी विकावयास निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपला माल समुद्रात टाकून देऊन त्या जागी बुडणारी माणसे घेतली. त्यांच्या मचव्यांस भाडे कोणी दिले, हाही प्रश्न कोणी विचारला नाही.

आता कायद्याकडे. मघाशी म्हटलेला भेद, उतारूचे भाडे निराळे आणि नावेचे भाडे निराळे, आज सहलीच्या होडीत पुरता पुसला गेला आहे. दहा माणसांनी दर माणशी पैसे देऊन फेरी मारली, तर ते उतारू. त्याच दहा जणांनी मिळून सबंध होडी दिवसभरासाठी घेतली, तर ते भाडेकरू झाले की अजून उतारूच? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५० प्रमाणे, वस्तू भाड्याने दिली असता तिच्यातील दोषामुळे होणाऱ्या हानीस देणारा जबाबदार असतो. तो दोष त्यास ठाऊक असो वा नसो. मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय भाडे घेणाऱ्यास ठेवलेली नाही. हे कलम वस्तूचा ताबा भाडेकरूकडे गेला असेल तेव्हाचे. तांडेल मालकाचाच असेल आणि सुकाणू त्याच्याच हाती असेल, तर ताबा मालकाकडेच राहिला आणि सुखरूप नेऊन आणण्याचे कर्तव्यही. दोन्ही वाटांनी गेले तरी मालक सुटत नाही. तरीही धक्क्यावर मिळणाऱ्या कित्येक पावत्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेले असते की, कोणत्याही अपघातास मालक जबाबदार नाही. पक्षकार अशी चिठ्ठी दाखवितात, आणि आता काही करता येणार नाही असे समजून हिरमुसतात. अशा वाक्याने निष्काळजीपणाचे दायित्व धुऊन जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तर अन्याय्य कराराची व्याख्याच करून ठेवली आहे.

अंतर्देशीय नौकांचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अधिनियम आला आणि जून २०२२ मध्ये अमलात आला. नोंदणी, पाहणी, विमा, जीवरक्षक साधने, तांडेलाची पात्रता, सर्व काही त्यात आहे. गोव्यात होड्यांस परवाना देणारे 'कॅप्टन ऑफ पोर्ट्‌स' हे कार्यालय पोर्तुगीज अमदानीपासून चालत आले आहे. म्हणजे नावध्यक्ष आहे आणि नियमही आहेत. तरीही ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे, मासेमारीच्या नावेत फेरफार करून बनविलेली सहलीची होडी सूर्यास्तानंतर क्षमतेपलीकडे माणसे घेऊन निघाली आणि २२ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. तेथे भरती नव्हती, लाट नव्हती, वाळूचा दांडा नव्हता. भिंतींनी बांधलेला तलाव होता. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात सहलीची होडी उलटून एक गृहस्थ मृत्यू पावले, वीसजणांस वाचविण्यात आले. तिन्ही ठिकाणी मनूची रेषा आखून पाहावी, दैवाच्या बाजूस काय उरते ते दिसेल.

अशा प्रत्येक प्रसंगी प्रथम पकडला जातो तो सुकाणूवरचा मनुष्य, जो बहुधा रोजंदारीवर असतो. मग मालक, मग ठेकेदार, आणि परवाना देणारा किंवा परवान्यावाचून होडी चालू देणारा अधिकारी सर्वांत शेवटी, तोही जनक्षोभ झाला तर. मनूने नावाड्यांस अंशतः जबाबदार धरले, कारण त्याच्या काळी तेच नावेचे भागीदार असत. मिळकतीत अंश, म्हणून भरपाईतही अंश. आजच्या तांडेलास मिळकतीत अंश नाही, भरपाईत मात्र सिंहाचा वाटा. कौटिल्याचा नियम या परिस्थितीस अधिक लागू पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुंभारजुव्यास गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्यांचा मंच करतात आणि पौराणिक देखावे घेऊन गणपतीबरोबर ते जोडनाव पाण्यातून फिरते. शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण नदीपलीकडे माशेलास नेली, त्याची ही आठवण, असे तेथे सांगतात. साखळीच्या विठ्ठलापुरास त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या पात्रात शृंगारलेल्या लहान नावा सोडतात. कुंभारजुव्याच्या त्याच खाडीत हल्ली पर्यटक होडी भाड्याने घेऊन सुसरी पाहावयास जातात. खाडीकाठचे शेतकरी पौषी अमावास्येच्या सुमारास बांधाजवळ चिखलाची सुसर करून तिची पूजा करतात, ती 'मानगे थापणी' मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. वाटाड्याने सांगितले तर त्यांना पाहावयास नक्कीच आवडेल.

शेवटी, देवस्थानांच्या व्यवस्थापकांस एक विनंती. १९३३ च्या माझानींच्या नियमावलीने देवस्थानांच्या कारभारास आणि जमाखर्चास शिस्त लावली. त्यापूर्वीच्याही वह्या काही ठिकाणी जपून ठेवलेल्या आहेत. जत्रेच्या खर्चात तेल, नारळ, वाजंत्री यांच्याबरोबर होडीचे भाडे, तारीकारास दिलेले धान्य वा वस्त्र, पालखी उतरविण्याबद्दलची बिदागी, अशा नोंदी कोठे आढळल्या, तर साल, रक्कम आणि नाव यांसह त्या उतरवून या मासिकाकडे अवश्य पाठवाव्यात. वाळवीने पाने जाण्यापूर्वी हे व्हावयास हवे. मोडी वाचणारे आमच्याकडे आहेत.